गायकवाडमामा आणि बिनमटणाची शेगडी

"मॅडम, तुमी जगता कशाच्या जोरावर?"

गायकवाडमामा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. किन्हवलीच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला जेमतेम चार तास झाले होते. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या टेबलाशी बसून मी डबा उघडला. आत पोळी आणि दुधीची भाजी. दारात प्रयोगशाळेचे परिचर शांताराम गायकवाड उभे होते आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसा माझा डबा वाचत होते.

मी सिन्नरकडच्या माळकरी घरातली. मांसमच्छी आमचा उंबरा ओलांडून कधी आत आली नाही. हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं. मामांनी सहानुभूतीनं मान हलवली.

"तुमचं चुकलं असं नाय बोलत मी. पण दुधी म्हंजे मॅडम, पाणीच ओ. नुसतं उभं राहिलेलं पाणी."

त्या दिवसापासून दुधी शिजवताना मला ते वाक्य आठवतं आणि हसू येतं. आणि खरं सांगते, त्यानंतर दुधी मला पूर्वीसारखा कधी आवडलाही नाही. मामांनी माझं एवढं नुकसान केलं, बाकी सगळा फायदाच.

शाळेत शिपायांना आणि परिचरांना मामा म्हणतात, पण आमच्याकडे चार-पाच मामा असूनही नुसतं 'मामा' म्हटलं की ते गायकवाडच. ठेंगणे, काटक. खाकी कपड्यांना रोजची इस्त्री. वरच्या खिशात थर्मामीटर असावं तसं पेन. बावीस वर्षं बीकर आणि परीक्षानळ्या धुताधुता विज्ञान त्यांच्या अंगात असं मुरलं होतं, की आम्हा बी.एस्सी. झालेल्यांना कधीकधी लाज वाटावी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची त्यांना भारी हौस. पाण्याच्या माठावर 'एच टू ओ, पिण्याचे'. स्वतःच्या डब्यावर 'ज्वालाग्राही', कारण सुशीलामामी तिखट सढळ हातानं घालायच्या. मोडक्या स्टुलावर 'अस्थिर'. एकदा मुख्याध्यापक त्याच स्टुलावर बसले, तेव्हा ती चिठ्ठी नक्की कुणासाठी यावर वर्गात बरीच चर्चा झाली.

आणखी एक खोड. रसायनाचा वास थेट नाक खुपसून घ्यायचा नसतो, हातानं वारा ओढून घ्यायचा असतो, हे आम्ही मुलांना शिकवतो. मामा जगातल्या सगळ्याच गोष्टींचा वास तसा घेत. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी खीर असायची. ती समोर आली की आधी डाव्या हातानं दोनदा वारा ओढायचे, डोळे मिटायचे, मग म्हणायचे, "वेलची जास्त." बक्षीस समारंभात पाहुण्यांनी दिलेल्या गुलाबाचाही त्यांनी व्यासपीठावर तसाच वास घेतला होता. पाहुण्यांना वाटलं, मामा गुलाबाला नको म्हणतायत.

मुलांना ते एकच गोष्ट शिकवायचे. "आधी बघा, मंग बोला." जळती मेणबत्ती दाखवली की मुलं लगेच पाठ केलेलं उत्तर म्हणायला लागत. मामा बोट वर करत. "बघितलंस का? नाय ना? मंग बोलतोस कशाला?"

आता मुद्द्याचं. मामांना मटण आवडायचं. 'आवडायचं' हा शब्द फार मिळमिळीत झाला, पण दुसरा सापडत नाही. त्यातही कोळशावर भाजलेलं. जुन्या पत्र्याच्या पिंपाचं अर्धं कापून त्यांनी एक शेगडी केली होती, तिला खालून हवा यायला मोजून भोकं पाडली होती आणि त्या भोकांबद्दल ते अर्धा तास बोलू शकत. त्यांच्या आनंदाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे दशरथ विशे, त्यांचा बालमित्र. शेजारच्याच गावचा शेतकरी, आडवा देह, गडगडाटी आवाज. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले, एकमेकांना दश्या आणि शांत्या म्हणणारे. भाताचं पीक निघालं की दशरथदादा त्याच ओलीवर वाल पेरायचे, आणि माघात वाल काढून झाले की त्यांच्या मोकळ्या शेतात दर वर्षी दुपारची पार्टी व्हायची. भाजणार मामा, वाटणार दशरथदादा.

वाटणं हे साधं काम नव्हे. भाजलेलं मटण पळसाच्या पानांवर जेवढी माणसं तेवढे ढीग करून मांडायचं. त्याला वाटे घालणं म्हणतात. सगळ्यांनी आपापला वाटा उचलायचा आणि ज्यानं वाटे घातले त्यानं शेवटचा, उरलेला घ्यायचा. तो त्यानं घ्यायलाच हवा. नाही घेतला तर अर्थ असा, की वाटे घालताना त्यानं कुठेतरी डावंउजवं केलंय आणि आता तोंड चुकवतोय. दशरथदादांच्या वाट्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मलाही दर वर्षी आमंत्रण असायचं. माझ्यासाठी मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचे आणि मडक्यावर चिठ्ठी: 'मॅडम'.

मग एका दिवाळीनंतर भाताची पोती चढवता चढवता दशरथदादा खळ्यात खाली बसले. ठाण्याला नेलं, हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. महिन्यानं घरी आले ते अर्धे होऊन. डॉक्टरांनी मटण बंद केलं, तळण बंद केलं, मिठावर लगाम घातला. दशरथदादांनी त्यापुढे जाऊन स्वतःच एक गोष्ट बंद केली. माणसांत बसून जेवणं. कुणाच्या लग्नाला नाही, पूजेला नाही, पंगतीला नाही. माघ आला तेव्हा निरोप पाठवला, "माझ्या शेतात यंदा पार्टी नाय."

मामा त्यांच्या घरी गेले. मला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सांगत होते, हातात बीकर आणि बीकरमध्ये ब्रश नुसताच फिरत होता.

"ओट्यावर बसलाय भिंतीकडं तोंड करून. यमुनावैनी ताट नेते, ताट तसंच परत येतं. दोन घास पेज. माझ्याशी पण नाय बोलला. मी बोललो, दश्या, चल जेवायला घरी. तर मला बोलतो, तुमी जेवा, मी आता बघणाऱ्यातला." मामांनी बीकर ठेवला. "मॅडम, त्याचं ऑपरेशन झालं. पण तो बरा नाय झाला."

तो माणूस परत पंगतीत बसून पोटभर जेवला पाहिजे. त्या दिवसापासून मामांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

सुरुवात केली ती दशरथदादांच्या मुलीनं. मनीषा ठाण्यात कंपनीत नोकरीला. होळीला येताना तिनं मॉलमधून गोठवलेल्या टिक्क्यांचा एक पुडा आणला. बिनमटणाचा बर्गर, चवीला अगदी मटणासारखा, असं वर छापलेलं. मामांनी तो आपल्या शेगडीवर भाजला. दशरथदादांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "पुठ्ठा." आणि भिंतीकडे वळले.

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. मामा रिकामा पुडा घेऊन शाळेत आले आणि भिंगाखाली धरून त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागले.

"मॅडम, वाटाण्याचं प्रथिन. बीट. खोबरेल. बटाट्याचं पीठ. ह्यात काय नवीन हाय? सगळं आपल्या परसातलं. मंग पुठ्ठा कसा झाला?"

"कारखान्यात झाला असेल," मी म्हटलं.

"तुमी मदत करायची. तुमी जन्मापासून ह्यातल्या एक्स्पर्ट."

माझी मोठी पंचाईत झाली. मी शाकाहारी खरी, पण माझं शाकाहारातलं ज्ञान वरण, भात, बटाटा आणि तो दुधी यांच्यापलीकडे जात नव्हतं. शिवाय समोर आलेला पदार्थ मटणासारखा लागतो की नाही हे मी सांगणार कशी? मी मटण कुठे खाल्लं होतं? मामांनी यावरही तोड काढली. मी फक्त मऊ की कडक, ओलं की कोरडं एवढंच सांगायचं, पुढचं पी.टी.चे सर सांगतील. पी.टी.चे सर काहीही खात आणि प्रत्येक गोष्टीला "एक नंबर" म्हणत, त्यामुळे ते माझ्याहून निरुपयोगी निघाले.

अशा रीतीनं शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेमागच्या पडवीत शेगडी पेटायला लागली. मामांनी स्वतःच्या पैशानं वेगळे बीकर आणि मोजपात्रं आणली आणि त्यांच्या गळ्यात लाल दोरा बांधला. "लाल दोऱ्याचं ते पोटाचं. बाकी सगळं शाळेचं. अदलाबदल झाली तर मी राजीनामा देईन." मीठ ते पिपेटनं, पाण्यात विरघळवून घालायचे. आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद दहावीच्या मुलांच्या जर्नलमध्ये असते तशी, डाव्या पानावर आकृतीसकट. ती वही माझ्याकडे झेरॉक्स करून ठेवलेली आहे. त्यातला एक उतारा देते.

'प्रयोग क्रमांक ९. हेतू: सुरणाची खाज घालवणे. साहित्य: सुरण, चिंचेचे पाणी, शांताराम. कृती: सुरण चिंचेत अर्धा तास ठेवून भाजला व खाल्ला. निरीक्षण: खाज गेली नाही. घसा बंद. अनुमान: अर्धा तास कमी आहे. आज बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिले.'

आकृतीत एक माणूस जीभ बाहेर काढून उभा होता आणि जिभेला बाण दाखवून 'दाह' असं लिहिलं होतं.

तिसाव्या प्रयोगाला मात्र एक भानगड झाली, आणि ती मामांच्या स्वभावाला न शोभणारी होती. चैत्रात कोवळे फणस जिकडेतिकडे लागले होते. कोवळा फणस उकडून, मसाला चोळून निखाऱ्यावर धरला की त्याचे धागे सुटतात आणि कडा करपतात. रंग, वास, धागे, सगळं जमून आलं. मामांचा मोह अनावर झाला. डबा घेऊन ते दशरथदादांकडे गेले. मीही बरोबर होते, पाहुणी म्हणून.

"दश्या, डाक्टर बोलला, महिन्यातून एकदा दोन फोडी चालतील. खा."

दशरथदादा वळले. डब्यातली फोड हातात घेतली. त्यांनी ती तोंडात नाही टाकली. आधी मामांकडे बघितलं, मग अंगणात. अंगणात त्यांचा मोत्या नावाचा कुत्रा पसरला होता.

"शांत्या, मटण असतं तर मोत्या उठला असता."

मोत्यानं एक कान हलवला आणि परत झोपला.

"मी आजारी हाय रे. येडा नाय." दशरथदादांचा तो जुना आवाज घुमला, पण त्यात आनंद नव्हता. "दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर चाललं असतं. तू?" आणि फोड डब्यात परत टाकून ते आत निघून गेले.

सोमवारी वहीत नोंद होती: 'प्रयोग क्रमांक ३०. निरीक्षण: मोत्या उठला नाही. अनुमान: पदार्थ चांगला होता. शांताराम खोटा होता.' मला ते वाचून भरून आलं. चूक कबूल करणारे शास्त्रज्ञ मी पुस्तकात वाचले होते. माझ्याबरोबर पगारपत्रकावर सही करणारा हा पहिलाच.

त्यानंतर मामांनी मटणाची नक्कल करणं सोडलं. प्रत्येक पदार्थाला त्याच्या स्वतःच्या नावाची चिठ्ठी लागायला लागली. 'फणस. मटण नाही.' 'सुरण. मटण नाही.' गंमत अशी, की ते ओझं उतरल्यावर पदार्थ सुधारत गेले. फणसाला फणसासारखं वागवल्यावर तो खुलला. सुरण ताकात रात्रभर राहून शहाणा झाला. मुरबाडच्या बाजारातून आणलेली अळिंबी त्यांनी बांबूच्या काड्यांना ओवून, लसूण आणि कोकमाचं पाणी शिंपडत भाजली, तिच्या मी एका बैठकीत दोन काड्या संपवल्या आणि तिसरीसाठी पी.टी.च्या सरांशी भांडले.

पण मुकुटमणी म्हणजे वालाचा बर्गर. मोड आलेले कडवे वाल सोलून, भरड वाटून, त्यात भिजवलेले पोहे, किसलेलं बीट, आलं, मिरची, आणि थोडा भाजून कुस्करलेला सुरण. हातावर थापून निखाऱ्यावर. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि वालाचा तो किंचित कडू, मातकट स्वाद शेवटी जिभेवर राहायचा. पाववाल्याकडचा ताजा पाव मधोमध कापून तोही निखाऱ्यावर शेकायचा, आत कांदा, हिरवी चटणी, आणि ही टिक्की. शनिवारी शाळा सुटल्यावर घरी पळणारे आमचे शिक्षक आता रेंगाळायला लागले. कुणी वही तपासतोय, कुणी खडू मोजतोय. मुख्याध्यापक तर "जरा पाहणी करतो" म्हणून पडवीत यायचे आणि दोन बर्गरांची पाहणी करून जायचे. माझ्यापुरतं सांगायचं तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या पडवीत सगळ्यांसारखं, सगळ्यांबरोबर एकाच शेगडीवरचं खात होते. 'मॅडम' चिठ्ठीचं वेगळं मडकं नव्हतं. त्याचा मला एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

मामा मात्र म्हणायचे, "तुमी खाऊन काय उपयोग? तुमी तर जेवताच."

मनीषाला बरोबर घेऊन ते ती वही दशरथदादांच्या डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टर म्हणे खूप हसले, मग गंभीर होऊन त्यांनी लाल पेननं मीठ अर्ध्यावर आणलं, तेलाला काट मारली आणि खाली सही केली. मामा ते पान मला शाळेच्या निकालासारखं दाखवत होते.

परत माघ आला. मामांनी दशरथदादांना निरोप दिला, तो यमुनावहिनींच्या तोंडून: "शेत दे. तू नको येऊस." आणि मुख्याध्यापकांना अर्ज केला, विषय: 'प्रयोगशाळेतील तराजू एक दिवसासाठी मिळणेबाबत'. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं नाही. त्यांनाही आमंत्रण होतं.

रविवारी अकराच्या सुमारास आम्ही आठजण शेतात जमलो. वाल काढून झाले होते, एका कोपऱ्यातला थोडा तेवढा उभा होता. शेगडी पेटली. थोड्या वेळानं बघतो तो दशरथदादा काठी टेकत बांधावर येऊन आमच्याकडे पाठ करून बसलेले. "माझा वाल तुडवाल म्हणून आलोय," एवढंच बोलले. कुणी या म्हणालं नाही. मामांनी डोळ्यांनीच सगळ्यांना दटावलं होतं.

भाजून झालं. पळसाची पानं मांडली. आता वाटे. मामांनी तराजू पेटीतून काढला, सपाट दगडावर ठेवला, काटा मध्यावर आणला आणि एकेक वाटा वजन करून घालायला लागले. आठ माणसं आणि बांधावर एक, म्हणून नऊ पानं. वजन कसं, तर ग्रॅमला ग्रॅम. पण एका पानावर सगळा सुरण, दुसऱ्यावर सगळी अळिंबी. एकाला टिक्क्या चार, एकाला एकही नाही. एकाला करपलेल्या कडा, एकाला नुसता मधला गर. आम्ही बघत होतो, आणि बांधावरची पाठही हळूहळू अर्धी वळली होती.

"ह्ये काय चाललंय?" बांधावरून आवाज आला.

"वाटे घालतोय," मामा मान वर न करता म्हणाले. "एकशेऐंशी ग्रॅम. सगळे सारखे."

"वजनानं वाटा होतो काय रे? एका पानात नुसता सुरण? नि दुसऱ्यात सगळा फणस? करपलेलं कोणाच्या पानात गेलं बघ!"

"तराजू खोटं नाय बोलत, दश्या."

"तराजूला तोंड हाय का? तराजू जेवतो का?" काठी बाजूला पडली. दशरथदादा बांध उतरून तरातरा आले आणि मामांना कोपरानं ढकलून पानांसमोर मांडी घालून बसले. "सरक. काय कळत नाय तुला. पन्नास वरसं झाली तरी कळलं नाय."

आणि मग त्यांचे ते हात चालायला लागले. ह्या पानातली टिक्की त्या पानात. फणसाचा एक तुकडा मऊ, एक करपरा. अळिंबीची काडी मोडून अर्धीअर्धी. प्रत्येकाला थोडं ह्याचं, थोडं त्याचं, जाडंही आणि बारीकही. नाक वर करून वास घेतला, एका तुकड्याला उलटंपालटं केलं, तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. पाच मिनिटांत नऊ पानं अशी दिसायला लागली की कुठलं उचलावं हा प्रश्नच नको. तराजू बिचारा दगडावर तसाच उभा होता.

आम्ही एकेक करून वाटे उचलले. सगळ्यात शेवटी मामांनी. एक पान उरलं.

दशरथदादा त्या पानाकडे बघत राहिले. ते का बघतायत ते सगळ्यांना कळलं. वाटे त्यांनी घातले होते. उरलेला घेतला नाही तर काय अर्थ होतो, हे ह्या शेतात सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत. यमुनावहिनी आपलं पान घेऊन दूर करंजाच्या झाडाखाली उभ्या होत्या, त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"शांत्या," ते सावकाश म्हणाले, "तू मुद्दाम केलंस."

"काय मुद्दाम? मला वाटे घालता येत नायत, सगळ्या गावाला म्हायती हाय."

दशरथदादांनी पान जवळ ओढलं. टिक्कीचा तुकडा मोडला, तोंडात घातला. चावला.

"मटण नाय."

"नाय."

"मटणासारखं बी नाय."

"नाय. वाल हाय तुझा. ह्याच शेतातला, वैनीनं दिला."

ते चावत राहिले. मग म्हणाले, "मीठ कमी हाय."

"ते डाक्टरचं हाय. त्याला शिव्या दे."

दशरथदादा हसले. सव्वा वर्षानं त्या गडगडाटानं शेतातले बगळे उडाले. पान साफ झाल्यावर त्यांनी शेजारी बसलेल्या मामांच्या पानात हात घातला आणि त्यांच्यातला फणस उचलला. मामांनी आरडाओरडा केला, पण हात काही आडवा घातला नाही. मी त्या दोघांकडे फार वेळ बघू शकले नाही, चटणीचं निमित्त करून डोळे पुसले.

तो तराजूचा घोळ मामांनी ठरवून केला होता की नाही, हे मी त्यांना नंतर खूपदा विचारलं. इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत ज्या माणसाचा हिशोब एका थेंबानं चुकला नाही, त्याला हे कळलं नसेल? ते नुसते हसायचे. "आधी बघा, मंग बोला." बघितलं तर होतंच मी. तरी आजही मला नक्की सांगता येत नाही.

पुढची तीन वर्षं माघातली पार्टी बिनमटणाचीच झाली. कुणी ठराव केला नाही, कुणाला बंदी नव्हती. दशरथदादांनी अंग धरलं, लग्नकार्यांना जायला लागले, आणि तिथल्या आचाऱ्यांना सुरण ताकात कसा घालावा हे ऐकवायला लागले. त्यामुळे त्यांना बोलावावं की नको असा नवा प्रश्न काही घरांत उभा राहिला.

मग मामा निवृत्त झाले. त्याच उन्हाळ्यात माझीही बदली ठरली होती, त्यामुळे तो निरोप समारंभ माझ्या मनात तसाच्या तसा राहिला आहे. मामांना मटण किती आवडतं हे सगळ्या शाळेला ठाऊक, म्हणून मुख्याध्यापकांनी खास धसईहून आचारी बोलावला. शाल, नारळ, भाषणं झाली. मामांनी भाषणात एकच वाक्य म्हटलं, "बीकर उलटे ठेवा, धूळ बसते." मग पंगत. दशरथदादा पार पलीकडच्या टोकाला, आणि मामा माझ्या शेजारी.

आचाऱ्यानं मामांच्या ताटात चांगलं चार फोडी मटण वाढलं. टाळ्या झाल्या. मामांनी हात जोडले. सगळे आपापल्या ताटाकडे वळल्यावर त्यांनी त्या फोडी एकेक करून, अगदी सफाईनं, पलीकडच्या पी.टी.च्या सरांच्या ताटात सरकवल्या. सर "एक नंबर" म्हणाले आणि खात राहिले. हे त्यांचं दोघांचं आधीपासून ठरलेलं दिसत होतं.

"मामा?"

"हळू बोला, मॅडम. दश्या बघंल."

"तुम्ही खात नाही?"

"त्याचं ऑपरेशन झालं तवापासून नाय." त्यांनी वरणभात कालवला. "त्याला कळलं तर रागवंल. मला धरून खायला घालंल."

"आठवण येत नाही?"

"येते ना ओ. रोज येते." मामा माझ्याकडे बघून हसले. "पण त्याच्या शेजारी बसून खायची सवय. एकट्यानं खाऊन काय मजा?"

त्या दिवशीही माझ्या ताटात दुधीच होता, आणि मी तो मुकाट्यानं खाल्ला.

जेवणं आटोपली. फाटकापाशी दशरथदादा मोटारसायकल घेऊन मित्राला न्यायला उभे होते. मामा मुलांच्या गराड्यात अडकले होते. दशरथदादांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, त्यानं आज पण नाय खाल्लं ना?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"बोलू नका त्याला. त्याला वाटतं, मला म्हायती नाय."

तेवढ्यात मामा आले. गळ्यात हार, खांद्यावर शाल, काखेत नारळ. गाडीवर बसायच्या आधी त्यांनी हाराचा वास घेतला, हातानं वारा ओढून. मग दशरथदादांच्या खांद्यावर हात टाकून मागे बसले आणि म्हणाले, "काय झ्याक मटण होतं रे आज!"

"हा," दशरथदादा म्हणाले, "वास आला मला." आणि त्यांनी किक मारली.